माणिकताईंनी मानलेले आभार

हे सगळं घडलं २०२३ साली. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता आणि गणपती लांबले होते. ते लांबले नसते तर बाळकृष्ण सबनिसांना पुरावे गोळा करायला जास्तीचा महिना मिळाला नसता, आणि प्रकरण शपथपत्रापर्यंत न जाता एखाद्या रागीट पत्रावरच मिटलं असतं. पण पंचांगाला कोण विचारणार?

सबनीस रेल्वेतले निवृत्त इंजिनियर. १९८६ साली सोलापूरहून बदली होऊन लखनौला आले, तेव्हा दोन वर्षांत परत जायचं ठरलं होतं. ते अजून ठरलेलंच आहे. मधल्या काळात आलमबागेत घर बांधून झालं, मुलगा सुजय हवाई दलात गेला, आणि त्याची मुलगी उत्कर्षा कॉलेजसाठी आजी-आजोबांकडे येऊन राहिली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती हिंदीत देते. सबनीस यावर दर रविवारी नाराज होतात आणि ती नाराजी हिंदीत बोलून दाखवतात.

तर जुलैतल्या एका सकाळी सबनीस व्हरांड्यात पेपर वाचत होते आणि त्यांच्या पत्नी माणिकताई आत भेंडी पुसत होत्या. बाहेर कपबशी आपटल्याचा आवाज आला. साखर कमी पडली असेल म्हणून त्या डबा घेऊनच बाहेर आल्या. पण कारण साखरेचं नव्हतं. पेपरात सौरभची मुलाखत आली होती.

सौरभ म्हणजे छावणीतल्या सुभेदार घाटग्यांचा मुलगा. लहानपणी लखनौच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात नकला करायचा. पुढे मुंबईला गेला. तिथे आधी त्याचे दात सरळ झाले, मग आडनाव गळालं, आणि चार वर्षांपूर्वी मोबाइलवरच्या एका विनोदी मालिकेत तो 'बड़े बाबू' नावाचा सरकारी अधिकारी झाला. तेव्हापासून तो नुसता 'सौरभ' आहे. गाजलेल्या माणसाला आडनाव लागत नाही. ते रेशनकार्डासाठी आणि आपल्यासारख्यांसाठी असतं. या मुलाखतीत त्याने सांगितलं होतं, "'समझिए हो गया' मेरी देन है. मुझसे पहले लखनऊ में यह कोई नहीं बोलता था."

आता लखनौत ज्याने आयुष्यात एकदा तरी नळ दुरुस्त करून घेतला आहे त्याला हे वाक्य समजावून सांगायला नको. काम झालेलं नसतं, व्हायची काही चिन्हंही नसतात, पण ते झालं असं तुम्ही समजायचं. समजायला काय जातं? इतक्या अदबीने नकार देणं दुसऱ्या कुठल्या गावाला जमलं नसतं. हे वाक्य शिंपी म्हणतो, गॅसवाला म्हणतो, डॉक्टर म्हणतो, आणि मयताला आलेले लोकसुद्धा घरच्यांना धीर देताना म्हणतात. आपल्याआधी हे कुणी बोलत नव्हतं असं म्हणणं म्हणजे आपल्याआधी कुणी शिंकत नव्हतं असं म्हणण्यासारखं होतं. पण सौरभने ते नुसतं म्हटलं नव्हतं. अमीनाबादेत एका चाटवाल्याने हे शब्द आपल्या गाडीवर रंगवले होते, त्याला वकिलामार्फत नोटीस पाठवली होती. चाटवाल्याने नोटिशीला काय उत्तर दिलं? तेच.

एखादा समंजस माणूस म्हणाला असता की हे वाक्य कुणाच्याही मालकीचं नाही. सबनीस तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "माणिक, हे वाक्य माझं आहे."

माणिकताईंनी साखरेचा डबा खाली ठेवला.

सबनिसांकडे पुरावा होता, आणि तो बैठकीत काचेखाली टांगलेला होता. २०११ साली निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने दिलेल्या मानपत्रात लिहिलं होतं: 'आपका प्रिय वाक्य "समझिए हो गया" इस कार्यालय की दीवारों में सदा गूँजता रहेगा.' ज्या कुणी हे लिहिलं होतं, त्याची एखादी फाइल सबनिसांच्या टेबलावर फार वर्षं पडून राहिली असावी, हे माणिकताईंना त्याच दिवशी कळलं होतं. सबनिसांना ते कळलं नाही. त्यांनी मानपत्राला सागवानी चौकट केली. माणिकताई गेली बारा वर्षं ती काच पुसत होत्या आणि गप्प होत्या. संसारात गप्प राहण्याची अशी ठिकाणं ठरलेली असतात.

त्यांची स्मरणशक्ती ही मंडळात दबदब्याची गोष्ट होती. १९८८ सालापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन त्याच करत आल्या होत्या, आणि कागद न घेता. मांडववाला, फुलवाला, नारळ आणणारे, सतरंज्या घालणारे, सतरंज्या घालायला येतो म्हणून न आलेले, एकाचंही नाव कधी सुटलं नाही. मराठी माणूस उपाशी राहील, पण आभारात नाव राहिलं तर पुढच्या वर्षी वर्गणी देत नाही. पस्तीस वर्षं माणिकताईंनी सगळ्यांचे आभार मानले. त्यांचे मानायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण ते मानायला पुन्हा त्यांनाच उभं राहावं लागलं असतं.

अशा बाईला ते वाक्य प्रथम कधी ऐकलं ते नक्कीच आठवत होतं. १९८६, ऑक्टोबर, चारबाग स्टेशन. न्यायला आलेला ऑफिसचा चपराशी रामसजीवन म्हणाला होता, "सामान का ट्रक? समझिए हो गया, साहब." ट्रक एकोणिसाव्या दिवशी आला. तोवर माणिकताईंनी एका पातेल्यात वरण, भात आणि सुजयच्या आंघोळीचं पाणी अशी सगळी कामं केली. सबनिसांना मात्र ट्रक आठवत नव्हता, पातेलं आठवत नव्हतं, फक्त वाक्य राहिलं होतं, आणि ते आपल्याला स्वतःला सुचलं अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

शेजारचे रस्तोगीजी संध्याकाळी आले. ते वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे मेहुणे वकील आहेत, त्यामुळे कायद्याबद्दल बोलायला ते कचरत नाहीत. सगळं ऐकून त्यांनी फार गंभीर चेहरा केला आणि सल्ला दिला की पत्रबित्र लिहू नका, पत्राला कोण विचारतो, थेट शपथपत्र करा. सोबत साक्षीदार जोडा. जुन्या ऑफिसातून कागद मिळवा. ही कौमी विरासत आहे, भाईसाहब. जाता जाता मिसेस रस्तोगी माणिकताईंना हळूच म्हणाल्या की आपके साहब तो वैसे भी बड़े मशहूर हैं. आणि तोंडाला पदर लावला. माणिकताईंना ते जरा चमत्कारिक वाटलं, पण लखनौत कौतुक आणि टोमणा एकाच वाटीत वाढतात, त्यामुळे त्यांनी मनावर घेतलं नाही.

शपथपत्रासाठी सबनीस कचेरीत गेले. झाडाखालच्या टायपिस्टने मजकूर ऐकला, चष्मा वर केला आणि विचारलं की कुठल्या कलमाखाली? सबनीस म्हणाले, सत्याच्या. टायपिस्ट म्हणाला, "समझिए हो गया, मंगल को आइए." मंगळवारी तो लग्नाला गेला होता. पुढच्या मंगळवारी स्टँप पेपर संपले होते. तिसऱ्या मंगळवारी शपथपत्र तयार झालं. त्यात सबनीस एका वाक्याऐवजी एका भूखंडाचे मालक असल्याचं लिहिलं होतं, चतुःसीमेसकट. ते दुरुस्त व्हायला आणखी दोन मंगळवार गेले. अधिक महिना असा कामी आला.

जुन्या ऑफिसात त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला: १९८६ ते २०११ या काळातल्या बैठकांच्या इतिवृत्तात सदर वाक्य किती वेळा आलं? उत्तर आलं की मागितलेली माहिती ही अभिलेख नसून बोलणं आहे, आणि बोलण्याची नोंद ठेवण्याची पद्धत कार्यालयात नाही. सबनिसांनी अपील केलं. त्यावरही उत्तर आलं. दोन्ही उत्तरं फाइलीत लागली. सबनिसांच्या फाइलीत प्रतिकूल कागदालाही मानाची जागा असे. पानांना नंबर पडला की तो पुरावा झाला.

साक्षीदार म्हणून ते निगमसाहेबांकडे गेले. निगमसाहेब त्यांच्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं बसले होते. त्यांनी चहा पाजला, समोसे खिलवले, गुडघ्यांची चौकशी केली आणि मग अत्यंत दुःखाने सांगितलं, "सबनीस साहब, बुरा न मानें, यह तो मैं बोलता था. आपने मुझसे लिया." सबनीस रिक्षाने परत आले. घरी आल्यावर फक्त म्हणाले, "माणसं किती आत्मप्रौढ असतात, माणिक."

इथवर सगळं ठीक होतं. निवृत्त माणसाला सकाळी उठून जायला एक कारण असलं की घर शांत असतं, आणि माणिकताईंना भेंडी निवांत पुसता येत होती. पण ऑगस्टच्या शेवटी मंडळाचे अध्यक्ष पंढरीनाथ ढवळे पेढे घेऊन आले. यंदा गणेशोत्सवाचं पन्नासावं वर्ष आणि प्रमुख पाहुणा कोण, तर आपला सौरभ. चौथ्या दिवशी भाषण आणि मग प्रश्नोत्तरं.

सबनिसांनी पेढा खाल्ला. पंढरीनाथ गेल्यावर फाइलीची फीत सोडून पुन्हा बांधली आणि म्हणाले, "प्रश्नोत्तरांत मी उठणार."

त्या दुपारी माणिकताईंनी उत्कर्षाला विचारलं की हा सौरभ त्यात नेमकं करतो तरी काय, मला एकदा दाखव. घरात ती मालिका कुणी पाहिली नव्हती, म्हणजे असं त्यांना वाटत होतं. सबनीस फक्त बातम्या बघत, आणि मोबाइल हे बोलण्याचं यंत्र आहे असं त्यांचं ठाम मत होतं. उत्कर्षाने जरा आढेवेढे घेतले. "रहने दो ना आजी." मग तिने फोन पुढे केला.

पडद्यावर एक अधिकारी होता. शर्टाच्या खिशात तीन रंगांची तीन पेनं. समोर कुणी गरजू माणूस आला की तो चष्मा काढायचा, बनियनचं टोक वर ओढून काचा पुसायचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवायचा, एक बोट छताकडे करायचा, म्हणायचा "समझिए हो गया", आणि डबा उचलून जेवायला निघून जायचा. डब्याला रुमालाची गाठ. चालताना उजवा खांदा खाली. जाताना दाराची कडी दोनदा ओढून बघायची सवय. समोरचा माणूस भागाच्या शेवटापर्यंत तसाच उभा. मागे हशा.

माणिकताईंनी असे तीन भाग पाहिले. मग फोन पालथा ठेवला.

"हे तर..."

"दादू हैं," उत्कर्षा म्हणाली. "सबको पता है, आजी. मंडल में सबको. रस्तोगी अंकल को भी. चार साल से."

चार वर्षं अख्ख्या मंडळाला माहीत होतं, आणि कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. लखनौत राहून आपल्या लोकांनी दुसरं काही नाही तरी एवढी तहजीब उचलली होती. रस्तोगीजींनी तर त्या तहजिबीवर चढ करून शपथपत्रही सुचवलं होतं.

पण माणिकताईंना जे लख्ख आठवलं ते वेगळंच होतं. २००३ सालच्या उत्सवात मुलांच्या कार्यक्रमात बारा वर्षांच्या सौरभने सबनीसकाकांची नक्कल केली होती. सबनीस तेव्हा मागे जनरेटरपाशी उभे राहून कुणाला तरी ते वाक्य ऐकवत होते, त्यामुळे त्यांनी ती पाहिली नाही. ती नक्कल बसवली कुणी? कार्यक्रम बसवायच्या माणिकताई. पोराला नुसतं बोट वर करता येत होतं. चष्मा, बनियन, खांदा, दाराची कडी, हे सगळं त्यांनी शिकवलं होतं. 'अजून खाली घे चष्मा, असा नाही, असा,' असं म्हणत त्यांनी स्वतः करून दाखवलं होतं, आणि सगळ्या बायका हसून हसून खुर्च्या धरून बसल्या होत्या. बक्षीस म्हणून त्याला स्टीलचा डबा दिला होता. तोच मुलगा आता मुंबईत बसून सांगत होता की ही माझी देन.

आता प्रश्न वाक्याचा राहिला नव्हता. सबनीस प्रश्नोत्तरांत उठतील, फाइल उघडतील, आणि जिंकतील. भर सभागृहात, दोनशे मोबाइल रोखलेले असताना, शपथेवर आणि स्टँप पेपरसकट सिद्ध करतील की ज्या माणसाला सगळा हिंदी मुलूख चार वर्षं हसतो आहे, तो मीच. मग टाळ्या थांबल्यावर त्यांना कुणीतरी मालिका दाखवेल. त्या माणसाकडे लखनौतली पंचवीस वर्षांची नोकरी, एक मानपत्र आणि स्वतःबद्दलचं चांगलं मत, एवढंच उरलं होतं. माणिकताई स्वतः नवऱ्याला मनातल्या मनात भरपूर हसत. पण तो त्यांनी एकोणीस दिवस एका पातेल्यात संसार करून मिळवलेला हक्क होता. तो सगळ्या देशाला वाटायचा नव्हता.

त्यांनी उपाय केले. सबनिसांना सांगितलं की रक्तदाब वाढलाय, त्या दिवशी घरी राहा. त्यांनी रक्तदाब मोजला, बरोबर निघाला, आणि तो कागदही फाइलीत गेला. पंढरीनाथांना सांगितलं की प्रश्नोत्तरं काढून टाका. ते म्हणाले, बॅनर छापून आलेत काकू, त्यावर प्रश्नोत्तरं आहेत. सौरभच्या मॅनेजरला, सलोनी तिचं नाव, फोन केला. तिने पूर्ण ऐकून न घेता सांगितलं की सेल्फी कार्यक्रमानंतर, रांगेत. आणि वर मंडळाला पत्र पाठवून कळवलं की सरांच्या आधी मंचावरून ते वाक्य कुणीही उच्चारू नये.

चौथ्या दिवशी सभागृह भरलं. छावणीतली कुटुंबं आली, रेल्वे कॉलनीतली आली, पेपरचा बातमीदार आला. मंचावर पहिली चार मिनिटं कुणी ते वाक्य उच्चारलं नाही. पाचव्या मिनिटाला पंढरीनाथांनी माइकवाल्याला आवाज वाढवायला सांगितला आणि तो जे म्हणायचं ते माइकमध्येच म्हणाला. सलोनीने वहीत टिपून घेतलं.

सौरभ अडीच तास उशिरा आला. गॉगल लावून आरती केली. मग भाषण. त्याने सांगितलं की हे वाक्य त्याला मुंबईत एका पहाटे समुद्राकडे बघताना स्फुरलं. त्यामागे किती साधना आहे ते लोकांना दिसत नाही. 'और बताइए' हेसुद्धा तसं त्यानेच लोकांच्या तोंडी बसवलं, पण त्याचं श्रेय तो घेत नाही, कारण त्याला स्वतःबद्दल बोलायला आवडत नाही. हे तो पंचावन्न मिनिटं बोलला. टाळ्या झाल्या. आपल्या मुलाने आपल्यासमोर खोटं बोलावं आणि इतकं छान बोलावं, याचा मंडळाला अभिमानच वाटला.

पंढरीनाथांनी घसा साफ केला. "आता प्रश्नोत्तरं..."

तिसऱ्या रांगेत सबनीस उठले. इस्त्रीचा शर्ट, खिशात तीन पेनं, हातात फाइल. सभागृहात मोबाइल वर यायला लागले. सबनिसांनी बोलण्यापूर्वी चष्मा काढला. बनियनचं टोक वर ओढलं.

मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं.

माणिकताई मंचाच्या कडेला बसल्या होत्या. त्या उठल्या, पंढरीनाथांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाल्या, "यानंतर आभारप्रदर्शन."

मराठी मंडळांत हा शब्द म्हणजे गाडीची शिट्टी आहे. तो ऐकला की खुर्च्या सरकतात, चपला शोधायला लागतात, मागे साबुदाणा वड्यांची परात झाकण काढते. आभार सुरू झाल्यावर कुणीही बोलायचं नाही, हा मंडळाचा लेखी नियम होता. तो १९९४ साली तत्कालीन सचिवांनी स्वतःच्या अक्षरात लिहून सूचनाफलकावर लावला होता. तत्कालीन सचिव बा. ग. सबनीस. ते उभ्या उभ्या बायकोकडे बघत राहिले. मग चष्मा घातला आणि खाली बसले. नियम म्हणजे नियम.

माणिकताईंनी मांडववाल्यापासून सुरुवात केली. फुलं झाली, नारळ झाले, माइक झाला. मग त्या म्हणाल्या, "आपल्या पाहुण्यांनी एका वाक्याबद्दल सांगितलं. त्या वाक्यासाठी ज्यांचे आभार मानायचे राहिले, त्यांची नावं घेते."

आणि त्यांनी घेतली. १९८६, रामसजीवन, सामानाचा ट्रक, एकोणीस दिवस. १९८८, टेलिफोन, पाच वर्षं. १९९१, अमीनाबादेतले शिंपी मुश्ताकमियाँ, सुजयच्या मुंजीचा कोट, मुंजीनंतर तीन आठवड्यांनी, आणि तोवर सुजयची उंची वाढलेली. चौकातले लल्लनबाबू, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची चिकनकारीची साडी, सत्ताविसाव्याला. १९९९, याच सभागृहाच्या न्हाणीघराची कडी, पंढरीनाथ ढवळे, अजून बाकी. लोक हसत होते, ज्यांचं नाव निघे ते हात जोडून उठत होते. वाक्य कुणाकुणाचं होतं याची अशी यादी लखनौने कधी ऐकली नव्हती. सौरभसुद्धा गॉगल काढून हसत होता. बातमीदार लिहीत होता, आणि त्याने मान वर करून विचारलं, "और आपके घर में, माताजी? सबनीस साहब भी तो..."

दोनशे फोन माणिकताईंकडे वळले. तिसऱ्या रांगेत सबनीस पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर अशी आशा होती की माणिकताईंनी तिकडे बघायचं टाळलं.

"आमच्या घरात हे वाक्य कधीच कुणी म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "यांच्या तोंडून तर नाहीच. आमच्याकडे काम सांगितलं की होतं."

हे खोटं आहे हे त्या सभागृहातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. कुणी हसलं नाही. मग पहिल्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनी वाजवली, आणि फोन खाली गेले. माणिकताई म्हणाल्या की अल्पोपाहाराची सोय मागे केली आहे.

वड्यांच्या गर्दीतून सौरभ त्यांच्यापाशी आला. जवळून तो अजून तसाच बारा वर्षांचा दिसत होता, दात सोडून. हळूच मराठीत म्हणाला, "काकू, चष्म्याचं तुम्हीच शिकवलं होतंत मला."

"मला आठवत नाही," माणिकताई म्हणाल्या.

तो वाकला आणि पाया पडला. सलोनीने फोटो काढला.

घरी जाताना सबनीस फाइल मांडीवर धरून बसले होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, "तू भर सभेत खोटं बोललीस."

"हो."

"सदतीस वर्षांचा संसार, आणि साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा..." माणिकताईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि सांगितलं की उतरताना सांभाळा, पायरी उंच आहे. लग्न तर पंचेचाळीस वर्षांपूर्वी झालं होतं, पण लखनौच्या आधीची आठ वर्षं ते हिशेबात धरत नसत. तेही त्यांनी तेव्हा दुरुस्त केलं नाही. त्यानंतर सबनीस तीन आठवडे जेवणापुरतं बोलत होते, आणि जेवणात मीठ कमी असलं तरी सांगत नव्हते.

पुढे काय काय झालं ते सांगायला हवं. चाटवाल्याची गाडी आता दुप्पट मोठी आहे आणि अक्षरंही. सौरभची मालिका आणखी दोन वर्षं चालली. मग तो गंभीर भूमिकांकडे वळला, आणि गंभीर भूमिका त्याच्याकडे वळायच्या राहिल्या आहेत. सलोनी आता एका पाककलावाल्याचं काम बघते, ज्याने फोडणीचा शोध लावला आहे. निगमसाहेब २०२४ च्या थंडीत गेले. त्यांच्या शोकसभेत त्यांच्या मुलाने सांगितलं की ते वाक्य बाबूजींचं होतं. सबनीस तिथे हजर होते. त्यांनी हरकत घेतली नाही, याची रस्तोगीजींनी फार तारीफ केली. रस्तोगीजींवर मग स्वतःच्याच भूखंडाचं शपथपत्र करायची वेळ आली; त्यांचे मंगळवार चालू आहेत. पंढरीनाथांनी न्हाणीघराला कडी बसवली. उत्कर्षा पुण्याला नोकरीला लागली, आणि तिथे चिडून सगळ्यांशी मराठीत बोलते. माणिकताईंनी पुढच्या वर्षीपासून आभारप्रदर्शन सोडलं. नव्या बाईंनी कागदावरून वाचलं आणि तरी नऊ नावं राहिली.

सबनिसांनी ते वाक्य टाकलं. बायकोच जिथे नाही म्हणते, ते शब्द तोंडात तरी कशाला घ्यायचे, असं त्यांनी ठरवलं. पण ते म्हणता येईना म्हटल्यावर काम सांगितलं की त्यांच्यापुढे दुसरा मार्गच उरला नाही. ते उठत आणि करून टाकत. गच्चीची गळती, बँकेची कागदपत्रं, पंख्याची पाती. माणिकताईंना सुरुवातीला भीती वाटली.

गेल्या मार्चमध्ये दाताच्या डॉक्टरकडे थांबावं लागलं. भिंतीवरच्या टीव्हीवर ती मालिका लागली होती. माणिकताईंनी रिमोट शोधला, तो काउंटरच्या आत होता. त्यांनी सबनिसांना विचारलं, बाहेर बसायचं का, इथे एसी लागतोय. सबनिसांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. ते बघत होते. बड़े बाबूंनी बनियनने चष्मा पुसला, बोट वर केलं, डबा उचलला, आणि दाराची कडी दोनदा ओढून पाहिली. सबनीस हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी चष्मा काढला. पूर्ण भाग संपेपर्यंत ते हसत होते, आणि रांगेतले लोक टीव्ही सोडून त्यांच्याकडे बघत होते.

"अगं, अगदी असाच एक माणूस होता आमच्या ऑफिसात," ते डोळे पुसत म्हणाले. "हुबेहूब. काय छळायचा लोकांना. नाव बघ आता आठवत नाही."

"आठवेल," माणिकताई म्हणाल्या. "घाई काय आहे?"